कालची वाट

हाल्लाला कळा सुरू होऊन चौदा तास झाले होते आणि मूल पायाळू होतं. ती नदीच्या पलीकडे, मी सुईण अलीकडे. मला न्यायला तिचा बाप रुनोल्फुर काल रात्री नदी ओलांडून स्वतः आला होता. माणसांना घोड्यावरून नदीपार नेणं हे त्याचं चाळीस वर्षांचं काम, तेव्हा मी निर्धास्त असायला हवं होतं. पण त्यानं कॉफीला नको म्हटलं. रुनोल्फुर कॉफीला नको म्हणतो म्हणजे काही खरं नाही.

आमच्या डोंगराच्या डोक्यावर बर्फ आणि पोटात विस्तव. बर्फ वितळतं आणि डोंगर आपले दगड, राख, गाळ सगळं नदीच्या गळ्यात मारतो. नदी ते ओझं जमेल तिथे टाकते, स्वतःचाच रस्ता बुजवते आणि दुसरीकडून निघते. संध्याकाळी पार होता येणारा उतार सकाळी डोह झालेला मी पाहिलाय. म्हणून रुनोल्फुरचा एकच नियम होता: कालच्या वाटेनं जायचं नाही. वाळूत खुरांचे ठसे दिसले तरी आधी थांबायचं, पाणी बघायचं. यापायी त्यानं पाद्रीबुवांना दोन तास पावसात उभं केलं होतं.

आज त्यानं घोडी थेट कालच्या ठशांवर घातली.

"अहो, पाणी बघितलं नाहीत," मी ओरडले.

"काल येताना बघितलंय."

"काल?"

"बाई, माझी पोर मरतेय तिकडे. मागून या, तोंड मिटून."

समोरचं पाणी गुळगुळीत वाहत होतं. तळाशी दगड घरंगळल्याचा आवाज येत होता. उथळ पाण्याला खळखळाट फार, असं लोक टोमणा मारायला म्हणतात; आम्ही नदी ओलांडताना तो खळखळाटच शोधतो. इथे तो नव्हता. घोडी काठाशी अडली. रुनोल्फुरनं तिला चाबूक मारला. त्यानं जनावरावर हात उचललेला आजवर कुणी पाहिला नव्हता. ती थरथरली, पण पाऊल टाकेना.

मला भीती वाटली की राग येतो. मी खाली उतरले, पिशवी वाळूत आपटली आणि तिच्यावरच बसले.

"मी येत नाही."

"काय?"

"दोघं बुडालो तर तिला बापही नाही आणि सुईणही नाही. परक्या माणसाला नेताना बघता ना, तसं बघा. मग येते."

"तोवर ती गेली तर?"

"बघा," मी पुन्हा म्हणाले.

त्यानं मला दिलेली शिवी इथे लिहीत नाही. मग तो ताठ बसला आणि पाणी न्याहाळू लागला. वीस मिनिटं. मी मनात हाल्लाच्या कळा मोजत होते. हिचा जीव माझ्या हट्टापायी गेला तर?

"वर चला," तो शेवटी म्हणाला. "हिमनदीकडे."

तासभर आम्ही तिच्या घरापासून लांब लांब जात राहिलो. वर नदी आठ धारांत फाटली होती आणि प्रत्येक धार खळाळत होती. पाणी घोड्यांच्या पोटाला लागलं, वर चढलं नाही. पार होऊन पलीकडच्या काठानं खाली आलो, तेव्हा समोर पाहिलं. मी बसले होते तो काठ नदीनं गिळला होता. ठसेही नव्हते.

मुलगी झाली. निळी पडली होती. पाठ चोळली, थापटली, पुन्हा चोळली, तेव्हा कुठे रडली.

रुनोल्फुर दारात टोपी पिळत उभा होता. "पोरी, फार उशीर केला मी."

हाल्ला थकून हसली. "बाबा, मला बाळंतपणापेक्षा दुसरीच भीती जास्त होती. माझ्यापायी तुम्ही कालच्या वाटेनं घुसाल, अशी. हे छपरावर चढून दुर्बिणीतून बघत होते. दोघं वर निघालेत म्हणाले, तेव्हा मला धीर आला. म्हटलं, बाबा पाणी बघतायत."

रुनोल्फुरनं माझ्याकडे पाहिलं. मी बाळाला पुसत राहिले, तोंड मिटून.