पाठीवरचे दोन ठिपके

बाबा शिंपी होते आणि उभ्या जन्मात त्यांनी टेपला हात लावला नाही, असं गल्लीतला लहानथोर सांगायचा. गिऱ्हाईक आलं की "या, या!" करत ते त्याला कडकडून मिठी मारायचे, वळवून न्याहाळायचे आणि स्वतःच्या पोटावर हात ठेवून म्हणायचे, "आतून कळलं!" आठवड्यानं कोट असा बसायचा, जणू कातडीच. फक्त गिऱ्हाईक पाठीवर खडूचे दोन ठिपके घेऊन घरी जायचं. शिंप्याचे हात, माखायचेच.

बाबा गेले आणि दुकान लेकीकडे आलं. तिची शिवण बापाहून सरस, हे काजं-बटणं करणारी आत्याही मान्य करायची. आणि आत्या सहसा काही मान्य करत नसे. पहिलंच काम आलं बँडमास्तरांच्या कोटाचं. शनिवारी त्यांचा कार्यक्रम.

"हा बसला तर दुकान चालेल, नाहीतर कुलूप," आत्या म्हणाली. "टेप घे."

"बाबांनी कधी घेतला? रक्तातच आहे ते आमच्या."

"त्याच्या रक्तात साखरही होती."

लेकीनं मास्तरांना न्याहाळलं, पोटावर हात ठेवला. पोट खरंच बोललं. सकाळपासून आपण उपाशी आहोत, हे तिनं मनावर घेतलं नाही.

शुक्रवारी मास्तरांनी कोट चढवला. बाह्या गुडघ्यांशी गप्पा मारत होत्या. आत आणखी एक बासरीवाला सहज मावला असता.

"यांना घालायचाय की मोटारीवर झाकायचाय?" मास्तरांच्या बायकोनं विचारलं.

"मास्तरच जरा आक्रसलेत," लेक चाचरत म्हणाली.

मास्तरांनी हात उंचावला. हात दिसला नाही. "उद्या वादकांनी काय बाहीकडे बघून वाजवायचं?"

आत्यानं सुई खाली ठेवली. "अगं वेडे, आतून कसलं कळतंय तुझ्या बापाला! बोटांना खडू लावायचा, मिठी मारायचा, माणूस वळला की दोन ठिपक्यांतलं अंतर बघायचा. आपले हात किती लांब, ते त्याला पाठ होतं. उंची दाराच्या चौकटीवरून. टेप बघितला की लोक पोट आत घेतात, म्हणून सगळं नाटक."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुला आतून कळत होतं ना!"

दर वाढदिवसाला बाबा लेकीला मिठी मारायचे आणि आठवड्यानं फ्रॉक यायचा, न विचारता, नेमका. ठिपके तिच्याही पाठीवर असायचे. शेवटची मिठी इस्पितळातली. त्या दिवशी घरी येऊन तिनं आरशात पाठ पाहिली होती. काही नव्हतं.

तिनं बोटं खडूत बुडवली आणि हात पसरून मास्तरांकडे निघाली. बायको मध्ये आली.

"हे काय?"

"माप."

"दुकानात टेप नाही?"

आत्यानं पिशवीतून टेप काढला. मास्तरांनी तत्काळ पोट आत घेतलं.

"मास्तर, श्वास सोडा."

"सोडलाय," मास्तर श्वास न सोडता म्हणाले.

आत्यानं नुसती सुई उचलली. श्वास सुटला.

टेप म्हणाला, चव्वेचाळीस. लेकीचं आतलं अजूनही ठामपणे बावन्नच म्हणत होतं. तिनं कात्री चव्वेचाळीसवर चालवली.