वीतभर भिंत

टप्प.

एवढाच आवाज. दुपारची वेळ, पोर झोपलेली, पंखा बंद, रस्ताही जरा गप्प बसलेला, आणि त्या शांततेत भिंतीवरून रंगाचा एक पोपडा सुटून फरशीवर पडला. तळहाताएवढा. मी दुमडलेला फ्रॉक मांडीवर धरून तशीच बसून राहिले. नवरा स्टुलावर बसून भिंतीकडेच बघत होता. त्याने पोपडा उचलला, उलटा करून पाहिला, हुंगला आणि खिडकीच्या कट्ट्यावर नीट ठेवला. जणू कुणाचा दुधाचा दात पडला होता.

"अजून ओलीच आहे," तो म्हणाला.

"दिसतंय मला."

संध्याकाळी सहाला ताई, म्हणजे माझी नणंद, येणार होती. ठकीला न्यायला. म्हणून तर मी भर दुपारी फ्रॉक दुमडत बसले होते.

ठकी आमची लेक, चार वर्षांची. खरं नाव वेगळं आहे, पण त्या नावाने तिला फक्त डॉक्टर हाक मारतात, आणि ती त्यांना ओ देत नाही. दीड वर्षापासून तिच्या छातीत घरघर असते. झोपली की ऐकू येते, लांब कुणी लाकूड कापत असावं तशी. भिंतीलाही कान असतात म्हणतात. आमच्या भिंतीने ती घरघर जितकी ऐकली असेल, तितकी मीही ऐकली नसेन, कारण ठकीचा पलंग तिलाच लागून आहे. एक खोली आणि स्वयंपाकघर, पलंग दुसरा ठेवणार कुठे? डॉक्टर म्हणाले होते, "छातीचं औषध मी देतो. भिंतीचं माझ्याकडे नाही."

मग ताईने पंधरा दिवस दिले. "पंधरा दिवसांत भिंत वाळली तर मी तोंडातून शब्द काढणार नाही. नाही वाळली, तर पोर माझ्याकडे. भिंत वाळेपर्यंत. माझ्या घरात ऊन आहे गं, दुसरं काही नाही, पण ऊन आहे." हे तिने रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं, मी भांडले असते. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. भांडायचं कुणाशी?

तर भिंत. आमच्या घरातली कुठलीही वस्तू बिघडली की नवरा बाह्या सरसावतो. ऑफिसात दिवसभर संगणकापुढे बसणारा माणूस, पण घरी आला की हातात पाना. वरच्या मजल्यावरच्या काकू त्याला 'अर्धा मिस्त्री' म्हणतात. "उरलेला अर्धा कधी येणार गं?" असं मला जिन्यात विचारतात. ताईच्या मुदतीच्या कितीतरी आधी, मोबाईलवर बघून बघून त्याने भिंत पहिल्यांदा खरवडली, लांबीचा पांढरा लगदा भरला, रंग दिला. तीन आठवडे भिंत नव्या नवरीसारखी दिसली. मग पुन्हा फुगली.

दुसऱ्यांदा त्याने पाणी अडवणारा जाड थर लावला. "भिंतीला रेनकोट घातलाय," असं ठकीला सांगितलं. ठकीला ते फार आवडलं. पाण्याला मात्र समोरून वाट बंद झाली, म्हणून ते गुपचूप बाजूने सरकलं आणि थेट पलंगामागे आलं. हार्डवेअरच्या दुकानातला म्हातारा ते ऐकून मान हलवत म्हणाला, "साहेब, आजार पोटात आणि मलम पाठीला. आणि एक ध्यानात ठेवा, भिंत जितके दिवस पाणी पिते, त्याच्या दुप्पट दिवस ते सोडत बसते."

तिसऱ्यांदा आम्ही काकूंवर घसरलो. न्हाणीघर त्यांचं गळतं, दुसरं काय? काकू म्हणाल्या, "ये की. टॉर्च घेऊन ये, भिंग घेऊन ये, झोपून बघ हवं तर." दोन दिवस त्या बिचाऱ्या बहिणीकडे आंघोळीला गेल्या. न्हाणीघर खडखडीत कोरडं, आणि आमची भिंत तश्शीच. परत जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "कुठेतरी पाणी मुरतंय हे खरं गं. पण ते माझ्या घरात नाही."

मला ते लागलं. 'कुठेतरी पाणी मुरतंय' असं आपण काय फक्त भिंतीबद्दल म्हणतो?

या सगळ्या खटाटोपात नवऱ्याने भिंतीची इंच न् इंच उकरली. एक वीतभर जागा सोडून. तिथे ठकीच्या पावलाची फ्रेम होती. पहिल्या वाढदिवसाला निळी शाई लावून उमटवलेलं पाऊल, करंगळी जरा तिरकी. "फ्रेमला हात लावू नकोस हं," असं मीच बजावलं होतं, प्रत्येक वेळी. आणि तो लावत नसे. फ्रेमच्या चारी कडांना कागदी पट्टी चिकटवून, जिभेचं टोक दातात धरून, तो अगदी कडेपर्यंत सुबक रंग द्यायचा. त्याच्या कामात तेवढाच भाग खरा मिस्त्रीचा वाटायचा.

साडेचारला ठकी उठली. पिशव्या बघून खूश झाली.

"आत्याकडे बाहुली न्यायची?"

"हो."

"बाबाचा पाना?"

"पाना नको गं राणी."

"बरं. मग माझा पाय." तिने फ्रेमकडे बोट दाखवलं. "माझा पाय पण येणार."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. नाही कशाला म्हणायचं? नवरा उठला. दोन्ही हातांनी त्याने फ्रेम वर उचलली. ती सुटेना. गंजलेल्या खिळ्याला दोरी चिकटली होती. त्याने हलकाच हिसका दिला आणि फ्रेमबरोबर खिळाही बाहेर आला.

आणि खिळ्यामागून पाणी.

बारीक धार, पण जोरात, सरळ त्याच्या शर्टावर. ठकीने टाळ्या वाजवल्या. "भिंतीला शू आली! भिंतीला शू आली!" नवऱ्याने अंगठा दाबून धरला. "कॉक! कॉक बंद कर!" मी स्वयंपाकघरात धावले. सिंकखालचा कॉक फिरवला, तो नुसता गोल गोल फिरत राहिला. मागच्या महिन्यात त्यानेच तो दुरुस्त केला होता. मी जिन्यात पळाले, मोठा कॉक कुठला ते मला कळेना. "काकू! काकू!" काकू कंबर धरत खाली आल्या, त्यांनी एकच चाक दोनदा फिरवलं, आणि सगळं शांत झालं.

दारातून त्यांनी आत पाहिलं. भोक पाहिलं, खिळा पाहिला, माझं तोंड पाहिलं. मग वर निघून गेल्या. एखादा टोमणा तरी मारायचा होता.

खिळा मी मारला होता.

वाढदिवसाची सकाळ. नवरा केक आणायला गेलेला, पाहुणे यायचे होते, मला ती फ्रेम लावून सगळ्यांना चकित करायचं होतं. हातोडी सापडेना, तेव्हा मी बत्ता घेतला. तीन ठोके जड गेले. चौथ्याला खिळा सुळकन आत गेला, इतका सहज की मला माझंच कौतुक वाटलं. खिळ्याच्या कडेला पाण्याचा एक मणी उभा राहिला होता. नुकतीच ठकीला आंघोळ घालून आले होते मी, वाटलं, माझेच हात ओले असतील. तिच्याच लंगोटाने तो मणी पुसला आणि वर फ्रेम अडकवली. नवरा आल्यावर म्हणाले, "बघ, तुझ्याशिवायही अडत नाही माझं."

एक मणी. तीन वर्षं.

नवरा पलंगाच्या कडेला बसला होता. तळहातावर खिळा. त्याच्या नखांत अजूनही पांढरी लांबी होती.

"पाइप इथूनच गेलाय," तो म्हणाला. मग भिंतीकडे बघत, "मी सगळी भिंत खरवडली. एवढी वीत सोडून."

'तू म्हणालीस म्हणून,' हे तो म्हणाला नाही. मला ऐकू आलं.

"मी मारला होता," मी म्हणाले. "बत्त्याने."

त्याने खिळा बोटांत फिरवून पाहिला. हसायचा प्रयत्न केला. "सरळ बसला होता पण. माझा एकही असा बसत नाही." आणि मग त्याचा चेहरा वाकडा झाला. त्याने तो ओल्या शर्टात लपवला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, पण माझा हात त्या पाठीला काय सांगणार होता? दीड वर्ष तो स्वतःला दोष देत होता. रोज झोपण्याआधी भिंतीवर तळहात ठेवून बघायचा, जसा ठकीचा ताप बघायचा तसा.

"आता गळती सापडली ना," मी म्हणाले. "आता वाळेल."

"वाळेल," तो म्हणाला. दोघांनाही दुकानातला म्हातारा आठवत होता. दोघांनीही त्याचं नाव काढलं नाही.

ताई सहाला आली. आत पाऊल टाकताच चप्पल भिजली. खाली पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं. "अरे, हे काय करून ठेवलंस रे?"

"त्याने नाही. मी."

ताई माझ्याकडे बघत राहिली, मग पदर खोचून फडकं शोधू लागली. आम्ही तिघांनी मिळून फरशी पुसली. फडकी पिळताना ताई एकदाच म्हणाली, "महिन्यातून दोनदा येत जा. यायचंच." मी मान हलवली. याचा अर्थ तीही महिन्यांत मोजत होती.

फ्रेम मी ओट्यावर पुसायला घेतली. काचेमागे पाणी शिरलं होतं. टाच शाबूत होती, बोटं पसरून एक निळा ढग झाला होता. तिरकी करंगळी कुठली, ते आता फक्त मला माहीत. तरी फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवली. पाय पण येणार, असं ठरलं होतं.

दारात मी ठकीला बूट घालायला बसले. तिची करंगळी अजून तशीच तिरकी आहे, बुटात जाताना अडते. छातीत बारीक घरघर चालू होती.

"भिंत वाळली की मी येणार?"

"हो."

"मग नाही ओली होणार?"

"नाही. बाबाने भोक शोधलं ना."

तिने विचार केला. ठकीला दिवस कळत नाहीत, झोपा कळतात. एक झोप झाली की उद्या, दोन झोपा झाल्या की शाळेला सुट्टी. तिने एक हात माझ्यापुढे धरला, बोटं पसरून, मग माझ्या चेहऱ्याकडे बघत दुसराही धरला.

"आई, किती झोपा?"