पुठ्ठ्यावरची बाई

अंकिताने पलंगाखालून शेवटचा पुठ्ठा ओढला आणि ओढणीने त्यावरची धूळ पुसली. टॉवेलच्या खोक्याचा पुठ्ठा, त्यावर कोळशाने काढलेली बाई. पायांपर्यंत केस, मान जरा कलती. प्रत्येक चित्रात हीच बाई होती.

मनोरुग्णांनी काढलेल्या चित्रांचा अभ्यास करायला अंकिता पुण्याहून आली होती. हे घर सिद्रामचं; तो एमआयडीसीत यंत्रमागावर कामाला. आजारपणात त्याने मिळेल तो पुठ्ठा घेऊन ही बाई काढली होती. पुढे गोळ्या लागू पडल्या आणि चित्रं थांबली. आता तो पुन्हा कामावर जात होता, रात्री शांत झोपत होता.

“न्या की सगळी,” गॅसपाशी उभी असलेली त्याची बायको नागूबाई म्हणाली. “लई सोसलं हिच्यापायी. रातभर हिच्याशीच बोलायचे. मी हाक मारली तर वळूनसुदीक बघत नव्हते.”

“काका, नेऊ ना? जपून ठेवू आम्ही.”

सिद्रामने मान डोलावली. हल्ली कशालाही तो मान डोलवायचा. अंकिता पुठ्ठे रचून सुतळी बांधू लागली, तसा त्याचा हात मध्ये आला.

“एक राहू द्या, ताई.”

“ठेवा की. कुठलं ठेवू?”

“कुटलंबी.” तो अडखळला. “आता बोलत न्हाय ती. पर घरात बोलायला दुसरं कोण हाय?”

चहा गाळताना नागूबाईचा हात थांबला. अंकिता उगीचच सुतळीचा गुंता सोडवू लागली.

नागूबाईने कपबशी आणून तिच्यापुढे ठेवली. मग पदराला हात पुसत ती नवऱ्याशेजारी जमिनीवर बसली. एवढी वर्षं या पुठ्ठ्यांकडे पाठ करून तिने केर काढला होता. आता वरचा एक उचलून तिने मांडीवर घेतला.

“काय बोलायची ओ ही?”

डॉक्टरांनी हे विचारलं होतं, अंकितानेही विचारलं होतं. दोघांनाही त्याने ‘आठवत न्हाय’ म्हणून सांगितलं होतं.

सिद्राम बायकोच्या तोंडाकडे बघत राहिला.

“काय न्हाय गं,” तो हळूच म्हणाला. “दमलास का, म्हणायची.”

नागूबाईने मांडीवरचा पुठ्ठा खाली ठेवला नाही. उठलीही नाही.