स्टेलियोसकडे उद्या कुणी येऊ नये

मी ग्रीसमधल्या व्होलोसच्या बंदरावरचा जुना पेपर बोलतोय. पंचवीस नोव्हेंबर एकोणीसशे पस्तीसचा. अंगभर अक्षरं, पण वाचता मेलं एक येत नाही! कुणी मोठ्यानं वाचलं, की तेवढंच कळतं.

स्वभावानं मी खोडकर. छापलो त्याच दिवशी एका शेटच्या पांढऱ्या विजारीला शाई फासली. मग सत्तर वर्षं ग्रंथालयात धूळ खाल्ली.

एक दिवस तिथल्या अर्गीरिसनं मला मशीनखाली निजवलं. "सरळ पड रे, म्हाताऱ्या!" मी कशाला ऐकतोय? खालचा कोपरा हळूच मुडपून घेतला. त्याला दिसलंच नाही. फोटो निघाला, मी कॉम्प्युटरात गेलो.

गंमत माझी झाली, पण झाम्बेटा बापावरचा डाग न पुसताच मेली असती.

झाम्बेटा म्हणजे कॉफीवाल्या स्टेलियोसची लेक, आता नव्वदीची. मी छापलो त्या साली तंबाखूच्या वखारीत संप झाला, पुढारी पकडले गेले. गाव म्हणालं, सव्वीस नोव्हेंबरला स्टेलियोसनं आपल्या नामदिनाला, म्हणजे ज्या संताचं नाव ठेवलं त्याच्या सणाला, पोलिसांना घरी जेवू घातलं आणि नावं फोडली. तेव्हापासून ही 'फितुराची पोर'.

एव्दोकिया नावाची पोरगी त्या संपावर संशोधन करत होती. स्टेलियोसचं नाव कॉम्प्युटरात शोधून शोधून दमली. शेवटी मलाच बघायला आली.

"काका, हा कोपरा मुडपलाय!"

"माझ्या हातून? शक्य नाही."

"मग काय पेपरानं स्वतः घडी घातली?"

मी घडी आणखी घट्ट आवळली!

तिनं कोपरा उलगडला, मोठ्यानं वाचलं: 'मुलीला घटसर्प झाल्याने कॉफीवाले स्टेलियोस उद्या नामदिन करणार नाहीत. कोणी येऊ नये.'

आमच्याकडे नामदिनाला आमंत्रण लागत नाही, लोक आपणहून टपकतात. नको असतील तर आधी पेपरात सांगायचं.

"आणि तरी गुपचूप जेवण घातलं असेल तर?" अर्गीरिस.

"घटसर्पाच्या घरात कुठला पोलीस घास घेईल हो?"

निरोप मिळताच झाम्बेटा काठी टेकत आली. तीनदा वाचून घेतलं. मग काठी आपटून म्हणाली, "मेल्यांनो, पंच्याऐंशी वर्षं शिव्या दिल्यात! आणि माझा बाप त्या दिवशी माझ्या घशाला औषध लावत होता!" मग माझ्यावर हात ठेवून बसली. इतक्या मायेनं मला कुणी धरलं नव्हतं.

एव्दोकिया पोरी, तुझे उपकार कसे फेडू? माझं पाप तू निस्तरलंस. आणि बाबांनो, कॉम्प्युटरात सापडलं नाही म्हणजे नव्हतंच, असं समजू नका. आम्हा म्हाताऱ्यांना उठवून विचारा.

यंदा सव्वीस तारखेला झाम्बेटानं दार सताड उघडं ठेवलं. शेजारीण म्हणाली, "अगं, मेलेल्याचा नामदिन कोण करतं?"

"मी करते. बस, खा."

अर्गीरिस तिथून थेट माझ्याकडे सांगायला आला. खुर्च्या कमी पडल्या म्हणे. ज्यांच्या आज्यांनी तिला दारात उभं केलं नव्हतं, ते तिच्या जिन्यावर बसून बदामाची बिस्किटं खात होते.