जाळीची साक्ष

मी जाळी बोलतेय. डास अडवणारी नव्हे, हात अडवणारी. पत्रा कापणाऱ्या प्रेस मशीनच्या तोंडाशी मला बसवलं होतं. माझ्या खालच्या फटीतून पत्रा आत जायचा, बोटं जायची नाहीत. एवढंच माझं काम, पण त्याचा मला भारी अभिमान होता.

मशीनवर वहिनी असायच्या. त्यांचा धाकटा दीर त्याच कारखान्यात फिटर. तो वहिनी म्हणायचा, म्हणून सगळेच म्हणू लागले. पेडल दाबताना त्या मशीनला म्हणायच्या, "घे बाई, घास घे." दिराचा डबाही त्याच करून आणायच्या, कारण तो त्यांच्याच घरी राहायचा.

माझ्यामुळे काम हळू होतं, हे फोरमनच्या डोक्यात बसलं. एक दिवस त्याने फिटरला मला काढायला सांगितलं. फिटरने एकदा वहिनींकडे पाहिलं आणि पाना लावला. मी कॉम्प्रेसरच्या मागे जाऊन पडले. वहिनींनी मला परत मागितलं, तेव्हा फोरमन म्हणाला, जमत नसेल तर घरी बसा, तुमच्या जागेवर यायला बायका टपून बसल्यात. पुन्हा त्यांनी विषय काढला नाही. माझ्यावर कोळ्यांनी संसार थाटले.

मग पत्रा अडकला. रोज अडकायचा, रोज त्या हाताने सोडवायच्या. त्या दिवशी हात निघायच्या आत मशीनचा वरचा ठोकळा खाली आला. वहिनी ओरडल्या नाहीत. कुणा दुसऱ्याचा असावा तशा स्वतःच्या हाताकडे बघत राहिल्या. उजव्या हाताचा अंगठा आणि करंगळी तेवढी उरली होती.

त्यांना टेम्पोत घालून नेलं. टेम्पो फाटकाबाहेरही पडला नसेल, तोच फोरमन फिटरला म्हणाला, "जाळी आण. पुसून लाव."

फिटरने रॉकेलच्या फडक्याने माझी जळमटं काढली. त्याच फडक्याने मशीन पुसलं. मला बसवताना बोल्ट त्याच्या हातून पुन्हा पुन्हा खाली पडत होता.

विमा कंपनीचा माणूस आला. फोरमनने त्याला सांगितलं, जाळी कायम लावलेली असते. जास्त माल काढायच्या हव्यासाने बाईने त्या दिवशी स्वतः काढली, आम्ही लगेच परत बसवली. त्या माणसाने माझ्यावरून बोट फिरवलं. बोटाला धूळ लागली नाही. त्याचं समाधान झालं.

वहिनींनी भरपाईसाठी दावा लावला. मला पुरावा म्हणून कोर्टात मागवलं. फिटरनेच मला पोत्यात गुंडाळून नेलं. व्हरांड्याच्या एका टोकाला वहिनी वकिलाशी बोलत होत्या. दुसऱ्या टोकाला त्यांचे यजमान धाकट्या भावाजवळ आले आणि हळूच म्हणाले, "ठरलंय तेच बोल. हिचा हात काही परत येणार नाही. तुझी नोकरी गेली तर घर कुणाच्या जिवावर चालायचं?"

भाऊ म्हणाला, "दादा, ती समोर बसणार आहे."

"तिच्याकडे बघू नकोस."

त्याने खरंच बघितलं नाही. कारखान्याच्या वकिलाने विचारलं, जाळी कुणी काढली? तो माझ्याकडे बघून म्हणाला, "वहिनींनी." मी टेबलावर होते, मला कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तरी मला तोंड कुठे होतं?

वहिनी रडल्या नाहीत. त्याला एवढंच म्हणाल्या, "भावजी, त्या दिवशीचा डबासुद्धा मीच केला होता ना?"

दावा फेटाळला. सुरक्षेचं साधन कामगाराने जाणूनबुजून काढलं, सबब भरपाई देय नाही. निकाल झाल्यावर वहिनींनी यजमानांना विचारलं, "भावजी असं बोलणार, हे तुम्हाला माहीत होतं का?"

"मला कुठून माहीत असणार?" ते म्हणाले आणि वहिनींच्या खांद्यावरची पिशवी स्वतःकडे घेतली. वहिनींना बरं वाटलं असावं. त्या त्यांच्या दंडाला धरून जिना उतरल्या. मागून फिटर येत होता. तिघांचं घर एकच.

आता मी कोर्टाच्या सामानखोलीत आहे. गळ्यात चिठ्ठी, आजूबाजूला मोडक्या सायकली आणि गंजलेले सुरे. जाळी घेऊन जा, म्हणून कारकुनाने कारखान्यात फोन केला होता. फोरमनचा आवाज खोलीभर ऐकू आला. राहू दे तिथेच, म्हणाला. मशीन चालू आहे, नवी बाई लावलीय, तिचा हात झपाझप चालतो.

बाई, तू कोण, कुठली, मला ठाऊक नाही. तुझ्यापर्यंत माझा आवाज पोचणार नाही, हेही कळतं. तरी सांगते. पत्रा अडकला तर अडकू दे. फोरमन बोलला तर बोलू दे. आत हात घालू नकोस.