शिंप्याच्या टेपवर जळणारा स्टँडी

मित्रांनो, मी आखाती देशातल्या महबूला भागात एका फ्लॅटमध्ये दाराआड पडलेला, जाहिरातीचा जुना स्टँडी. उलगडला की माणसाएवढा, गुंडाळला की छत्रीएवढा. आज मात्र मी ना धड स्टँडी, ना धड कापड. ते कसं झालं, ते सांगतो.

त्या फ्लॅटच्या प्रणिताताईंनी दिशदाशा, म्हणजे अरबी पुरुषांचे पायघोळ झगे, शिवणाऱ्या शिंप्यांसाठी सॉफ्टवेअर केलं होतं. गिऱ्हाइकाचं माप एकदा भरलं की पुन्हा हरवायचं नाही. तेच निळ्या अक्षरांत माझ्या छातीवर छापलं होतं, खाली ताईंचा फोन नंबर. ईदपर्यंत दहा दुकानं मिळाली नाहीत, तर ताई सगळं बंद करून पुन्हा बँकेत नोकरी धरणार होत्या.

त्यांनी मला मोठ्या प्रदर्शनात नेलं. तीन दिवस मी ताठ उभा होतो. लोकांनी माझ्याशेजारी फोटो काढले, पण त्यांत एकही शिंपी नव्हता. मग ताईंनी मोबाइलवर जाहिरात टाकली आणि दिवसभर तिलाच न्याहाळू लागल्या. माझा नुसता जळफळाट झाला. तिला लाइक आले ते पुण्याच्या मावश्यांचे. त्यांना कुठे दिशदाशा शिवायच्या होत्या! मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

एकदा रत्नागिरीचे हमीदभाई चहाला आले. ते शिंप्यांना दुकानोदुकानी दोरे-बटणं पोचवतात. मला पाहून ते हसलेच.

"ताई, रमजान तोंडावर आलाय. हातातली शिलाई टाकून दर्जी प्रदर्शनात येणार कसा? त्याची नजर सारा दिवस टेपवर असते."

ताईंनी मापाच्या टेपा छापून घेतल्या, टोकाला सॉफ्टवेअरचं नाव आणि नंबर. हमीदभाईंनी त्या दोऱ्यांबरोबर वाटल्या. बोटभर रुंदीची ती टेप शिंप्यांच्या गळ्यात मिरवू लागली आणि मी दाराआड धूळ खात राहिलो. ईदच्या आधी अकरावं दुकान मिळालं. ताईंना रडू फुटलं. मी मात्र जळून खाक झालो.

परवा ताईंनी मला जलीब भागातल्या एका शिंप्याच्या दुकानात दिलं. शिंप्याने तीच टेप माझ्या अंगावर ठेवून माप घेतलं, मला कापलं आणि मशीनसाठी झाकण शिवलं.

मित्रांनो, कुणालाही उभं करण्याआधी आपलं गिऱ्हाईक दिवसभर कुठे बघतं, ते बघा. आणि फसलेल्याला लगेच कचऱ्यात टाकू नका. दुकान बंद करताना शिंपी गळ्यातली टेप मशीनवर ठेवतो आणि वरून मला पांघरतो. तिच्यावरचा नंबर आता पुसट झालाय. माझा अजून निळाशार आहे. पण तो आतल्या बाजूला आलाय, आणि दिसतो फक्त तिलाच.