परबांची पुडी

जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडरने "परब!" अशी हाक मारली आणि मी उठले. कोणते परब, ते त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पलीकडच्या बाकावर माझी धाकटी जाऊ जयंती तिच्या ब्रूनोला घेऊन बसली होती, तीही परबच. पण गावच्या गणपतीला ताट कुणी वाढायचं यावरून आमचं नऊ वर्षं बोलणं बंद. आणि थोरली बसलेली असताना धाकटी आधी उठत नाही, आमच्यात रीतच आहे तशी. मी पुडी घेतली, चिंगीची दोरी ओढली आणि जयंतीकडे न बघता बाहेर पडले. दुसरी पुडी तिने घेतली असणार.

चिंगी आमची गावठी कुत्री, बारा किलोची. खाजेसाठी नेलेली. पुडीवर 'सकाळी एक, रात्री एक' असं मराठीत लिहिलेलं. तेवढं मला वाचता येतं, तिसरीपर्यंत गेलेय मी. गुळाच्या खड्यात दाबून गोळी दिली. दुसऱ्या दिवशी ती झिंगल्यासारखी चालायला लागली. सून रुचिरा म्हणाली, "आई, डॉक्टरांना फोन करूया ना."

"औषध लागू पडतंय. तू तुझं ऑफिस बघ."

तिसऱ्या दिवशी दुपारी चिंगीचे मागचे पायच गेले. जागेवर मुतली तरी उठेना. रिक्षात घालून नेली. डॉक्टरने पुडी बघितली आणि त्याचा चेहरा उतरला. "आजी, ही फिटची गोळी आहे. चौतीस किलोच्या लॅब्राडोरची."

मी त्याला सोडला नाही. "एवढा शिकलास कशाला मग? पुडीवर कुत्र्याचं नाव लिहायला शाई संपली होती?" कंपाउंडर भिंतीला चिकटून उभा. डॉक्टरने निमूट सलाईन लावलं. म्हणाला, "चूक आमची आहे. ही वाचेल. पण ब्रूनोची गोळी तीन दिवस बंद पडलीय, त्याला कधीही फिट येईल. जयंतीताईंचा फोन लागत नाही. तुमच्या समोरच राहतात ना? आत्ताच्या आत्ता सांगाल?"

"सांगते," म्हटलं मी.

घरी आले. समोरच्या बिल्डिंगमध्ये दुसरा मजला, गॅलरीत जयंतीची साडी वाळत होती. शंभर पावलं नसतील. मी चिंगीखाली गोधडी घातली. दर दोन तासांनी कूस बदलायची, सिरिंजने गालात थेंब थेंब पाणी सोडायचं, असं डॉक्टरने सांगितलेलं. आधी हिचं बघू, म्हटलं. मग रुचिरा आली. तिला पाठवावं, तर काय सांगून? मग जेवणं झाली. नऊ वर्षांनी आपण होऊन तिची बेल वाजवायची, आणि तीही चूक कबूल करायला, हे काही घशाखाली उतरेना. उद्या सकाळी जाऊ, म्हटलं.

सकाळी गेले. जयंतीने दार उघडलं. आत फरशीवर चादर, चादरीखाली ब्रूनो.

"पहाटे गेला," ती म्हणाली. "एकामागून एक येतच होत्या हो. गोळी देत होते मी, वहिनी. एकही चुकवली नाही."

पुडी बदलल्याचं मी सांगितलं. तिने विचारलं, "तुम्हांला कधी कळलं?"

आत्ताच कळलं म्हटलं असतं तर ती कुठे शोधायला जाणार होती?

"काल दुपारी."

ओरडली असती तर मीही चार शब्द सुनावले असते. तिने नुसतं दार लावलं. आपटलंसुद्धा नाही.

पुढचे पाच दिवस मी चिंगीचं केलं. पोटाखालून टॉवेल घालून उचलायची, चार पावलं टाकायला लावायची, परत निजवायची. पेज बोटाने चाटवायची. अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून उजव्या कुशीवरून डाव्या. रुचिरा म्हणे, "तुम्ही जरा पडा ना, मी बघते." मी ऐकलं नाही.

सहाव्या दिवशी टॉवेल न धरता ती उभी राहिली. पाय लटलटत होते, पण उभी. रुचिराने टाळ्या वाजवल्या. "आई, बघा, बघा! शाब्बास गं चिंगे!"

"खिडकी लाव आधी," मी म्हटलं.

"का? हवा येतेय ना."

"समोर ऐकू जातं."